सांजाईचा न झाडलेला कोपरा

राहीनं सांजाईला नवस बोलला, तेव्हा तिच्या मनात काजवे नव्हतेच मुळी. होते ते सासूचे डोळे आणि आपल्या हातातला खराटा. पण ते पुढं सांगते. आधी हा कोपरा बघून घ्या.

बेहडवाडीत तुम्ही कुणाच्याही घरी उतरा, पुढचं अंगण सारवलेलं आणि रांगोळी घातलेलं दिसेल. ओसरीवर बोट फिरवलंत तर धूळ लागायची नाही. मग घरातली बाई तुम्हाला मागच्या दारी नेईल. तिथं मोरीच्या पाण्यावर अळू माजलेलं असेल, कर्दळ असेल, कुंपणावर तोंडली चढलेली असेल. त्याच्या पल्याड, जिथं बेहड्याची नाहीतर उंबराची सावली पडते तिथं, एक कोपरा असा असेल की नवख्याला वाटावं, बाई झाडता झाडता उठून गेली आणि परत यायची विसरली. घोटाभर पाला. वरचा कोरडा, खालचा ओला, त्याच्याही खालचा मातीच होऊन गेलेला. भोवती चार दगड मांडलेले. त्या दगडांच्या आत खराटा जात नाही. नव्या सुनेला पहिल्या दिवशी चूल दाखवतात, दुसऱ्या दिवशी पाणवठा आणि तिसऱ्या दिवशी हा कोपरा.

आणखीही एक रीत आहे. जेठ महिना लागला की दिवेलागणीला मागच्या दारचा दिवा आत घेतात आणि सासू-सून एका पायरीवर टेकतात. परसात पहिला काजवा दिसेपर्यंत रोज बसायचं. सुनेला आधी दिसला तरी तिनं गप्प राहायचं. घरातल्या वडील बाईनं ‘दिसला’ म्हटलं की मग बाकीच्यांनी म्हणायचं. हल्ली काजवे बघायला शहरातून गाड्या भरून माणसं येतात, हातात बॅटऱ्या, मोबाइल. त्यांना आम्ही सांगतो, बाबांनो, उजेड विझवा आणि आधी म्हातारीला बघू द्या. ते हसतात. का म्हणून विचारतात. मग सांगावं लागतं.

फार मागली गोष्ट. घाटाला तेव्हा गाडीवाट नव्हती आणि वाडी उणीपुरी अकरा घरांची होती. त्यातल्या वरच्या अंगाच्या घरात आवडाबाई आणि तिची सून राही राहायच्या. आवडाबाईचा मुलगा कधीतरी चार दिवस घरी यायचा, एरवी गुरं घेऊन खालच्या मुलखात असायचा, त्यामुळं घरात या दोघीच.

आवडाबाईचं परस पंचक्रोशीत नावाजलेलं. दोडका, घोसाळं, भोपळा, पावटा, तिच्या हातचं बी कधी फुकट जायचं नाही म्हणे. वाळक्या भोपळ्यात राख घालून त्यात ती बी जपून ठेवायची आणि मिरगाच्या आधी स्वतःच्या हातानं टोकायची. वाडीतल्या बायका आपल्या परसात पहिलं बी टोकायलाही तिलाच बोलवायच्या. हात जितका गोड, तितकी जीभ तिखट. राहीचा केर काढण्यात जीव रमायचा नाही, आणि सासूचं सगळं लक्ष तिथंच.

“राही, केर काढतेस की केराला वाट दाखवतेस?”

“काढलाय की, आत्याबाई.” सासूला तिकडं आत्याबाईच म्हणतात.

“काढलायस? तुझ्या परसात सापानंसुद्धा वाट विचारून जावं.”

शेजारची ठकू कुंपणापलीकडून हसायची. राही मान खाली घालून हसायची आणि पुन्हा चार हात मारल्यासारखे करून आत यायची. असं वर्षानुवर्षं चाललं होतं. त्यात खरा राग कुणाचाच नव्हता, पण राहीच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती. आत्याबाईंना आपल्याकडून काही हवं असेल तर ते म्हणजे झाडलेलं परस.

एका श्रावणात वाडीत डोळ्यांची साथ आली. बाकीच्यांचे डोळे आठ-दहा दिवसांत निवळले. आवडाबाईचे निवळले नाहीत. आधी चिकटले, मग सुजले, मग एके सकाळी ती अंथरुणावर बसून म्हणाली, “राही, उजाडलं का गं अजून?” दारातून ऊन आत आलं होतं आणि तिच्या मांडीवर पडलं होतं.

वैदू आला. त्यानं पाला बांधला आणि ‘वाट बघा’ म्हणून सांगून गेला. गौरी आल्या, गेल्या. आवडाबाई भिंतीशी बसून राहायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिची जीभ बसली. भाकरी करपली तरी बोलेना, दूध उतू गेलं तरी बोलेना. राही मुद्दाम भांडं आपटायची, केर तसाच ठेवायची. काही नाही. टोमणे थांबले तसं घर सुनं झालं.

तेव्हा राही सांजाईकडं गेली. सांजाई म्हणजे वरच्या सोंडेवरच्या देवराईतली देवी. तिला देऊळ नाही, छप्पर नाही. बेहड्याच्या आणि सादड्याच्या जुन्या झाडांखाली शेंदूर लावलेला तांदळा, न घडवलेला नुसता दगड, बस. राहीनं ओटी भरली, डोकं टेकलं आणि म्हणाली, “आई, आत्याबाईंचे डोळे दे. बारा महिने परसात पान म्हणून पडलेलं राहू देणार नाही. पडेल तसं उचलीन.”

स्वतःला जे सगळ्यात जड ते तिनं कबूल केलं. नवस म्हणजे तेच की नाही?

मार्गशीर्ष लागता लागता आवडाबाईनं एका दुपारी चुलीकडं बघून विचारलं, “तो लाल लुगड्याचा पदर तुझाच का गं?” राही तिच्या पायांवर पडली. दिवसाचं दिसू लागलं होतं. पुसट, पण दिसू लागलं होतं. सांज झाली की मात्र डोळ्यांवर पडदा पडायचा तो पडायचाच. वैदू म्हणाला, धीर धरा, वर्षभरात सांजेचंही दिसेल.

दुसऱ्या दिवसापासून राहीनं खराटा उचलला. पहाटे झाडायची, दुपारी झाडायची, दिवेलागणीच्या आधी झाडायची. कर्दळीच्या बुडात, अळवाच्या आत हात घालून एक एक पान वेचायची. ओल्या कोपऱ्यातला वर्षानुवर्षांचा थर तिनं खरवडून काढला, आणि माघात भाताच्या रोपांची जमीन भाजायला राब रचतात, त्याला पाला लागतोच, तेव्हा तो सगळा राबाच्या ढिगावर गेला. ओल्या थरात चपटे, काळपट किडे वळवळत होते. तेही पाल्याबरोबर गेले. परसातले किडे गेले, बरंच झालं, असं तिला तेव्हा वाटलं.

आवडाबाई ओसरीवर बसून तो आवाज ऐकायची. एकदा म्हणाली, “खराट्याचा आवाज आला ना, की वाटतं, डोळे जागेवर आहेत.”

आणि नवसाचं कसं असतं, एकीचा फळला की दहाजणींच्या तोंडी होतो. ठकूनं आपल्या लेकीच्या बाळंतपणासाठी तोच नवस बोलला. तिसरीनं आटलेल्या म्हशीसाठी, चौथीनं अशीच, आपलं मागं राहायला नको म्हणून. शिमग्यापर्यंत अकराच्या अकरा परसं तळहातासारखी लख्ख झाली. खालच्या गावची माणसं बघायला यायची. बेहडवाडीच्या बायकांना कोण अभिमान.

आता मिरगाआधी बी टोकायचे दिवस आले. राहीनं राखेचा भोपळा आणून सासूपुढं ठेवला. आवडाबाईनं त्याला हात लावला नाही.

“आंधळ्या हाताचं बी नको,” ती म्हणाली.

“आंधळ्या कुठं, आत्याबाई? कालच गव्हातले खडे निवडलेत तुम्ही.”

“ते दिवसाचं. सांजेचं काय? अंधार दिसतोय की काहीच दिसत नाही, हे माणसानं कसं ओळखावं?”

“दिवा दिसतो ना पण?”

“दिव्याला ऊब असते. आंधळ्यालाही कळतो तो. चांदणी म्हणशील, तर ती ठरल्या जागी असते, आठवणीनंही दिसते. काजव्याला ऊब नाही अन् ठरलेली जागाही नाही. परसात काजवा दिसला मला, की मी म्हणेन, नजर परत आली. त्या दिवशी बी हातात घेईन. तोवर हा भोपळा तुझ्याकडं.”

हे ऐकून राहीला हायसंच वाटलं. दरवर्षी जेठात परसात काजवे इतके यायचे की मोरीवर जाताना ते पदराला लागायचे. काजव्यांची काय वाण?

जेठ लागला. सांजेला आवडाबाई मागच्या पायरीवर येऊन बसली, शेजारी राही. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाचवा गेला, सातवा गेला. झाडलेल्या, सारवलेल्या परसात अंधार नुसता भरून राहिला होता.

“दिसतायत का गं?” आवडाबाई हळूच विचारायची.

“नाहीत, आत्याबाई. खरंच नाहीत. यंदा आलेच नाहीत.”

“बरं,” म्हातारी म्हणायची. मग थोड्या वेळानं, “तू चांगली आहेस हो राही. पण लेकरासारखं समजावू नकोस मला. काजवे यायचे राहतात होय कधी?”

राही शपथा घालायची. आवडाबाई मान हलवायची, पण तिला पटायचं नाही. ‘नाहीत’ हे खरं सांगूनही ते खोटंच वाटावं, अशी ती गाठ बसली होती. नवव्या दिवशी आवडाबाई पायरीवर आली नाही. तिनं अंथरूण भिंतीकडं वळवलं, संध्याकाळचं जेवण बंद केलं आणि म्हणाली, “बी तूच टोक. शिकून घे. मी आता किती दिवस.”

त्याच सांजेला त्यांची गाय परतली नाही. राही तिला हाका मारत सोंडेवर चढली, ती थेट देवराईच्या तोंडाशी पोचली. गाय तिथंच, कडेच्या गवतात उभी होती. पण राहीचं गायीकडं लक्ष गेलंच नाही, असं सांगतात.

सबंध देवराई काजव्यांनी लहरत होती. एक झाड पेटायचं, विझायचं, तेवढ्यात दुसरं पेटायचं. एका बेहड्यावरून उजेड असा उतरायचा, वाऱ्यावर पदराची जर हलावी तसा. राही अनवाणी आत गेली. पाय घोट्यापर्यंत पाल्यात बुडाले. त्या पाल्यातही उजेडाचे ठिपके होते. तिनं वाकून एक ओलं पान उलटलं. खाली एक चपटा, काळपट किडा सरपटत होता आणि त्याच्या शेपटीला उजेडाचा थेंब होता.

तो किडा तिनं ओळखला. माघात पाल्याबरोबर राबावर टाकलेले किडे हेच. दिवसाउजेडी त्यांचा उजेड दिसला नव्हता, आणि अंधारात ती तेव्हा कशाला बघायला जाईल?

राहीनं मान वर केली. समोर सांजाई. देवीच्या अंगावर पानं, पायांशी पानं, पाठीमागं पानांचा ढीग. आणि राहीला आठवलं, देवराईतून वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही, ही तर वाडवडिलांची रीत. जन्मभर ती रीत पाळली आणि नवस बोलताना ती विसरली. आईच्या स्वतःच्या अंगणाला कधी खराटा लागला नव्हता, आणि आपण तिला झाडलेलं अंगण कबूल करून बसलो.

तेवढ्यात म्हणे बेहड्याचं एक पान सुटलं आणि गिरक्या घेत देवीच्या कपाळावर येऊन बसलं. राहीनं ते काढायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला.

“आई,” ती म्हणाली, “मी उद्यापासून झाडणार नाही. झाडलं तर पुढल्या जेठातही काजवे यायचे नाहीत, आणि आत्याबाई तोवर झुरून जातील. पण नवस मोडला म्हणून त्यांचे डोळे परत घेऊ नकोस. दोष धरायचा तर माझ्या डोळ्यांवर धर.”

तिचा विचार होता, उद्या सासूला पाठुंगळी मारून इथं आणायचं. पण रात्रीच मिरगानं झोडपलं आणि देवराईतलाही सगळा खेळ आटोपला. काजव्याचा मोसम तो केवढा, तर पंधरा दिवसांचा. आता वर्षाची वाट.

दुसऱ्या दिवशी पहाट झाली, उजाडलं, ऊन आलं.

“राही, आज खराट्याचा आवाज नाही आला,” आतून आवडाबाईनं विचारलं.

राही जाऊन तिच्यापाशी बसली आणि तिनं सगळं सांगितलं. काजवे, पाल्यातला किडा, राबाचा ढीग, देवीपुढं मागितलेलं मागणं. आवडाबाई ऐकत राहिली.

“म्हणजे काजवे खरंच नव्हते?”

“एकसुद्धा नव्हता, आत्याबाई.”

“आणि दोष तू आपल्या डोळ्यांवर मागून घेतलास. मला न विचारता. दोन आंधळ्या एका घरात. मग चुलीशी कोण, अन् भिंतीशी कोण?”

राहीला हसू आलं आणि रडूही. त्या संध्याकाळी आवडाबाई अर्धी भाकरी जेवली. “वर्षभर थांबते,” म्हणाली. “पण यंदा बी तूच टोक.”

राहीनं टोकलेलं बी उगवलं, पण वेल वर चढलेच नाहीत. त्या पावसाळ्यात वाडीत गोगलगायींनी उच्छाद मांडला. अळूच्या पानांची चाळण झाली, भोपळ्याचे कोंब रात्रीत नाहीसे झाले. परसं लख्ख झाडलेली आणि खायला भाजी नाही. आमच्या शाळेतल्या बाई सांगतात, पाल्यातला तो किडा म्हणजे काजव्याचीच अळी, आणि ती गोगलगायी खाऊन वाढते. राहीला हे कोण सांगणार? वाडी म्हणाली, राहीनं नवस मोडला त्याचं हे फळ.

आणि भादव्यात राहीचे डोळे आले.

“बघ,” ठकू कुंपणावरून म्हणाली, “देवीला बोललेलं फिरवलंस. नवस चावतो गं बाई.” ठकू काही वाईट नव्हती. तीही घाबरली होती.

राहीनं डोळ्यांवर फडकं बांधलं आणि भिंतीला धरून धरून घर चालवू लागली. आपण मागितलं तेच आईनं दिलं, असं तिच्या मनानं घेतलं. तक्रार नव्हती. एवढंच वाटायचं की अजून काजवा बघायचा राहिलाय, निदान आत्याबाईंना दिसलेला ऐकायला तरी मिळू दे.

चौथ्या दिवशी पहाटे तिला जाग आली ती खर्र-खर्र आवाजानं. मागच्या दारी कुणी झाडत होतं. राही फडक्यासकट उठली, चौकटीला ठेचकाळली आणि आवाजाच्या रोखानं धावली. हात पुढं केले तो खराट्याचं बूड हाताला लागलं. दुसऱ्या टोकाला सासू.

“सोड,” आवडाबाई म्हणाली. तिला धाप लागली होती. “तीन महिने साचलंय, एवढं काढू दे मला.”

“आत्याबाई, पुन्हा काजवे यायचे नाहीत.”

“नाहीत तर नाहीत. मी म्हातारी, माझं सगळं बघून झालंय. तुझ्या डोळ्यांनी अजून संसार बघायचाय. माझ्यासाठी बोललेला नवस, मी फेडीन.”

“सोडा तो.”

“तू सोड.”

दोघी खराटा धरून तशाच उभ्या राहिल्या. एकीला पहाटेच्या अंधारात दिसत नाही, दुसरीच्या डोळ्यांवर फडकं. शेवटी आवडाबाईच तिथं पाल्यात बसली. रडली असावी. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, “चूक माझी आहे, राही. केर, केर म्हणून मी बोलायची ती तोंडाची सवय म्हणून. तू तेच धरून बसलीस. मला झाडलेलं परस नको होतं गं. मला नुसतं बोलायला हवं असायचं.”

उजाडू लागलं. आवडाबाईला थोडं थोडं दिसू लागलं, तशी ती उठली आणि परसभर फिरून आली. मग तिनं न्हाणीपाशी पडलेले चार दगड एकेक करून आणले आणि बेहड्याखालच्या ओल्या कोपऱ्याभोवती मांडले. मग राहीचा हात धरून तिनं तो एकेका दगडावर ठेवला.

“हा एक, हा दोन, हा तीन, हा चार. याच्या आतली जागा आजपासून आपली नाही, आईची. तिच्या देवराईचाच तुकडा म्हण. आपलं परस तू झाड, नवस बोललीस तसं, पान ठेवू नकोस. पण आईच्या जागेत झाडायला आपण कोण? तिथं आपला नवसही चालत नाही आणि खराटाही.”

“आणि उचललेला पाला?”

“तो आईच्या अंगणात टाकायचा. राबात नाही.”

राहीनं डोळ्यांवर फडकं असतानाच हात जोडले. त्या दिवसापासून पुन्हा सकाळी खराट्याचा आवाज येऊ लागला आणि आवडाबाई तो पुन्हा ओसरीवरून ऐकू लागली. आठवड्यानं राहीचे डोळे निवळले. मार्गशीर्षात नवसाचे बारा महिने पुरे झाले. दोघींनी देवराईत जाऊन पुरणाचा नैवेद्य दाखवला. त्या साली राबाला पाला कमी पडला, तो राहीनं रानातून डोक्यावर वाहून आणला, पण दगडांच्या आत हात घातला नाही. ठकूनं हे सगळं कुंपणावरून बघितलं आणि एके दिवशी गुपचूप चार दगड आपल्याही परसात मांडले.

तरी मनातली धाकधूक कुठं जाते? दोष आपल्या डोळ्यांवर मागितला होता, तो आईनं माघारी दिला की राखून ठेवला, हे राहीला कळायला मार्ग नव्हता. बोलली मात्र ती कुणाशीच नाही.

जेठ आला. सांजेला दोघी पायरीवर बसल्या. दिवा आत. पहिला दिवस कोरडा गेला, दुसरा गेला, सहावा गेला. सातव्या दिवशी आभाळ भरून आलेलं, वारा पडलेला. राही अंधारात डोळे ताणून बघत होती. बेहड्याचं खोड, त्याच्या फांद्या, कुंपण, सगळं एकच झालेलं.

“दिसला,” आवडाबाई म्हणाली.

राहीनं बघितलं. काही नव्हतं. तिनं उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं, बेहड्याच्या शेंड्यापर्यंत बघितलं. सगळा अंधारच.

“तो बघ, पुन्हा.”

राहीला काही दिसेना. तेव्हा तिला आठवलं, आपण काय मागितलं होतं ते. असं सांगतात की तिला त्या क्षणी भीती वाटली नाही. तिनं पदर सावरला, हात जोडले आणि मनात म्हणाली, आई, माझे घेतलेस आणि त्यांचे दिलेस. भरून पावले.

तेवढ्यात कुशीत एक कोपर बसलं.

“आभाळात काय बघतेस गं? काजवा आहे की घार? खाली बघ. आईच्या दगडापाशी. पाल्यात.”

राहीनं खाली बघितलं. चौथ्या दगडाच्या आत, एका वाकड्या पानाच्या कडेवर हिरवा ठिपका उजळला. विझला. पुन्हा उजळला, पानावरून उठला आणि डुलत डुलत अळवावर गेला.

“दिसला,” राही म्हणाली. “आत्याबाई, दिसला.”

“दिसला म्हणे,” आवडाबाई म्हणाली. “आंधळी मी होते की तू? एवढा ढळढळीत काजवा, आणि ही बाई आभाळात हात जोडतेय.”

जवळजवळ दोन वर्षांनी टोमणा ऐकला होता राहीनं. ती सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. एका काजव्याचे तीन झाले, तिनाचे सात झाले. त्या जेठात तेवढेच आले, सातच. पुढल्या साली मोजायची सोय राहिली नाही.

“रडणं आवर,” आवडाबाई म्हणाली, “आणि राखेचा भोपळा काढून ठेव. उद्या सकाळी बी टोकायचंय. दोडका कुंपणाला, घोसाळं न्हाणीवर. आणि पावटा तुझ्या हातचा नको, मागल्या खेपेस उलटा टोकलास.”

पुढं आवडाबाई गेली, राही गेली, वाडी अकराची सत्तर घरं झाली. आजही बेहडवाडीत चार दगडांच्या आतला पाला कुणी हलवत नाही. पिशव्यांतून खत आलं, परसांत नळ आले, पण तो कोपरा आहे तसा आहे. आजही जेठातल्या सांजेला सून कितीही तीक्ष्ण नजरेची असली तरी ओठ मिटून बसते, कारण काजवा दिसणं काय, कुणालाही दिसतो. घरातल्या ज्या बाईला अजून आपल्या डोळ्यांचा भरवसा वाटत नाही, तिनं आधी ‘दिसला’ म्हणावं, त्यासाठी ते बसणं. एखाद्या घरची म्हातारी अगदीच थकलेली असेल, तर सून तिच्या कानात हळूच सांगते, चौथ्या दगडापाशी बघा. आणि म्हातारी म्हणते, माहीत आहे मला, तू गप्प बस.

तुम्ही आता परत जाल. तुमच्या घरी परस असेल, नाहीतर चार कुंड्यांची गॅलरी असेल. एवढं करा. झाडून काढताना एका कोपऱ्यापाशी हात थांबवा, तिथला पाला राहू द्या आणि भोवती चार खडे मांडा. जेठाच्या सांजेला तिकडचा दिवा पंधरा दिवस विझवा. घरात कुणी वडील बाई असेल तर तिला शेजारी घेऊन बसा, आणि तिनं म्हणेपर्यंत थांबा. सांजाईनं राहीला दिलं, ती तुम्हालाही देईल. पहिल्या वर्षी नाही दिसला, तरी कोपरा झाडू नका.